बचिंत कौरने कबुतरं उतरवली

बचिंत कौरला मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती मागच्या अंगणात दोरीवर नवऱ्याचे मोजे वाळत घालत होती आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कबुतर बसलेलं होतं. कबुतरं ओढणीचा काठ चोचीत धरून ओढत होती आणि ती त्यांना लेकरांना रागवावं तशी रागवत होती. मी भिंतीपलीकडून बघतोय हे लक्षात आल्यावर तिने दोघांनाही झटकलं.

"वीरजी, सरदारजींना सांगू नका हं."

"काय सांगू नको, वहिनी?"

"ही माझ्या अंगावर बसतात ते."

नवऱ्याची कबुतरं बायकोच्या खांद्यावर बसली तर त्यात लपवण्यासारखं काय, हे मला तेव्हा कळलं नाही. वीरजी म्हणजे भाऊ, म्हणून मी मान डोलावली आणि घरात गेलो. बायकांशी फार बोलायची मला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर पुरुषांशीही नव्हती.

आमची गल्ली कालव्याला लागून होती, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला. विटांची एकसारखी घरं, प्रत्येक घरामागे हातरुमालाएवढं अंगण, आणि अंगणाच्या टोकाला जुना संडास. गल्लीतले निम्मे पुरुष फाउंड्रीत, निम्म्या बायका नट-बोल्टच्या कारखान्यात. मी मूळचा मिरजेकडचा. माझं जगदाळे हे आडनाव फाउंड्रीत कोणाला जमेना म्हणून मी जॅक झालो. मेहंगासिंगचा मिक झाला. बचिंत कौरचं मात्र कोणी काही केलं नाही. ती लागली त्या नट-बोल्टच्या कारखान्यात वॉशर भरायच्या टेबलावरच्या बायकांनी पहिल्याच दिवशी तिला "बेट्टी म्हणू का?" असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणा, पण मी वळून बघणार नाही." मग त्या बायका तोंडातल्या तोंडात बचिंत, बचिंत असं घोकत शिकल्या.

ती अशी होती. उंचीला कमी, चालीला भरभर, थंडीत सलवार-कमीजवर नवऱ्याचा जुना कोट घालणारी. तिचं इंग्रजी त्या टेबलावरच्या बायकांकडून आलेलं, त्यामुळे त्यात शिव्या व्यवस्थित होत्या आणि क्रियापदं कमी.

मेहंगासिंग माझ्यासोबत साच्याच्या कामावर होता. उंच, रुबाबदार, पगडी नेहमी कडक बांधलेली. एका वर्षी साच्याची लोखंडी चौकट घसरली आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मग त्याला झाडू मारायच्या कामावर टाकलं. पगार थोडाच कमी झाला, पण माणूस पार बदलला. कामावरून आला की पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसायचा आणि शेगडीकडे बघत राहायचा. कोणी बोललं तर "हूं" म्हणायचा. मुलगी प्रीतो शाळेतून आली तरी हूं, जेवायला वाढलं तरी हूं. एक अख्खा हिवाळा असा गेला.

त्याला त्या खुर्चीतून उठवलं होरेस टिमिन्सने. होरेस गल्लीच्या टोकाला राहायचा. साखळ्या घडवून निवृत्त झालेला म्हातारा, मनगटं अजून जाड, आणि आमच्या भागातल्या कबुतरांच्या शर्यतीच्या क्लबाचा चिटणीस. मेहंगासिंग कामावरून येताना कबुतरांचा थवा गेला की रस्त्यात थांबून मान वर करून बघत राहतो, हे त्याने हेरलं होतं. एका रविवारी तो खोक्यात एक जोडी घेऊन आला.

"मिक, ही घे. माझ्याकडे जागा नाही."

जागा त्याच्याकडे भरपूर होती. मेहंगासिंगने खोक्याचं झाकण उघडलं, मादीला हातात घेतलं, पंख पसरून बघितला, आणि त्या रात्री जेवताना तो चक्क बोलला. बचिंत कौरने मला नंतर सांगितलं, "वीरजी, काय बोलले माहितीये? 'मीठ कमी आहे.' मला इतका आनंद झाला की मी मीठ आणायला गेले आणि आत रडून आले."

दोन वर्षांत संडासाशेजारी कबुतरांची ढाबळ उभी राहिली आणि तीत पंचवीस-तीस पाखरं झाली. होरेसने शब्द टाकला आणि क्लबाने मेहंगासिंगला एका हंगामापुरतं तात्पुरतं सभासद करून घेतलं. आमच्या लोकांपैकी तो पहिलाच. हंगामाच्या शेवटी मतदान होऊन कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. आमची घरं कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, आणि शर्यतीच्या क्लबाचा सभासद असेल त्यालाच अंगणात ढाबळ ठेवू द्यायची असा तिथला नियम. सभासदत्व गेलं तर ढाबळही मोडायची.

शर्यत साधी असते. शुक्रवारी संध्याकाळी पबच्या मागच्या खोलीत प्रत्येकाच्या कबुतराच्या पायात रबरी कडी घालतात, पेट्या गाडीवर चढतात, आणि शनिवारी सकाळी दक्षिणेकडे लांब कुठेतरी सगळी एकदम सोडतात. कबुतर घरी येतं. पण नुसतं घरावर येऊन भागत नाही. ते ढाबळीत शिरलं पाहिजे, पायातली कडी काढून क्लबाने प्रत्येकाला दिलेल्या घड्याळात टाकली पाहिजे आणि कळ दाबली पाहिजे. कळ दाबेल ती वेळ खरी. प्रत्येकाचं घर वेगळ्या अंतरावर, म्हणून मग वेगाचा हिशोब करतात.

मेहंगासिंगची कबुतरं पहिल्या शर्यतीपासून सगळ्यांच्या आधी आली. हे मी स्वतः बघितलं आहे. कालव्यापलीकडच्या क्लेम हॅडलीची पाखरं क्लबात सर्वांत तेज मानली जायची, पण त्याच्या घरावरचं आभाळ रिकामं असताना मेहंगासिंगच्या घरावर तीन ठिपके आलेले असायचे. मेहंगासिंग अंगणाच्या मधोमध उभा, मान वर, हात कमरेवर, मिशी थरथरतेय. आणि कबुतरं त्याच्या डोक्यावर गोल गोल फिरत राहायची. खाली यायचीच नाहीत. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. तोवर क्लेमची येऊन, आत शिरून, कडी घड्याळात पडून तो चहा प्यायला बसलेला असायचा.

"मिक," क्लेम पबमध्ये म्हणायचा, "तुझ्या कबुतरांना घर आवडत नाही की तू?"

"त्यांना भाडं द्यावं लागेल अशी भीती वाटत असेल," दुसरा कोणी म्हणायचा.

मेहंगासिंग हसायचा नाही. घरी येऊन म्हणायचा, "ताकद आहे, ताकद! एवढ्या लांबून येऊनसुद्धा दमत नाहीत. या लोकांना ताकद कळत नाही."

ही ताकद कुठून आली ते मला ठाऊक होतं. नकोदरजवळच्या त्याच्या गावात त्याचे वडील नावाजलेले कबुतरबाज होते. तिकडचा खेळ उलटा. पहाटे पाखरं सोडायची आणि ज्याचं पाखरू सर्वांत उशिरा, संध्याकाळी, खाली उतरेल तो जिंकला. दुपारीच पाखरू छतावर येऊन बसलं तर मालकाने गावात तोंड दाखवू नये. मेहंगासिंगने हीच शिकवण कालव्याकाठी चालू केली. रोज ढाबळ उघडायची, लांब बांबूला लाल फडकं बांधून अंगणात उभं राहायचं, आणि पाखरू खाली येतंय असं दिसलं की बांबू हलवायचा. फडकं नसलं तर हात, आणि हात नसला तर नुसता तो. शेवटी शेवटी बांबूची गरजच राहिली नव्हती. पाखरं वर असताना तो नुसता अंगणात आला तरी ती आणखी वर जायची, आणि त्याची छाती फुगायची.

हे मला इतकं सरळ आज लिहिता येतंय. तेव्हा ना मला उमगलं, ना होरेसला, ना क्लबातल्या कोणाला.

ऑगस्टमध्ये भानगड वाढली. मेहंगासिंगचा थवा घरावर घिरट्या घालायचा आणि शर्यतीहून परतणारी दुसऱ्यांची पाखरंही त्यात सामील व्हायची. एका शनिवारी क्लेमची लाडकी मादी घराच्या वाटेवर होती, ती या थव्यात शिरली आणि अर्धा तास आमच्या गल्लीवर फिरत बसली. क्लेम कालव्यापलीकडे उभा राहून डोळ्यांनी बघत होता आणि काही करू शकत नव्हता.

पुढच्या बैठकीला तो थट्टा करायच्या मनःस्थितीत नव्हता. मी तिथे मेहंगासिंगबरोबर पाहुणा म्हणून बसलो होतो.

"मला याच्या रंगाचं, पगडीचं काही नाही," क्लेम म्हणाला. "तसं कोणी म्हणत असेल तर त्याने माझ्यासमोर म्हणावं. पण याने आमच्या शर्यतीची वाट लावलीये. कबुतरं पाळतोय की सर्कस चालवतोय?"

बरेच जण टेबलावर हात आपटत "बरोबर, बरोबर" म्हणाले. त्यातल्या एकदोघांना रंगाचंही होतं, पण क्लेमला नव्हतं, आणि त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. होरेसने पाइप विझवला.

"एक शर्यत उरलीये," तो म्हणाला. "फ्रान्सची. त्या शर्यतीत मिकची पाखरं सरळ आत उतरली तर मतदान नेहमीसारखं होईल. फिरत राहिली तर मीच त्याचं नाव मागे घेईन. चालेल, मिक?"

मेहंगासिंग म्हणाला, "चालेल." घरी आला आणि पुढच्या खोलीत जाऊन त्या खुर्चीत बसला.

दुसऱ्या दिवशी बचिंत कौर माझ्या दाराशी आली. ती कधी एकटी येत नसे.

"वीरजी, मला एक गोष्ट त्यांना सांगायचीये. पण मी सांगितली तर ते ऐकणार नाहीत. तुम्ही फक्त समोर बसा. परका माणूस असला की ते ओरडत नाहीत."

मी गेलो. न जायची फार इच्छा होती, पण गेलो. मेहंगासिंग खुर्चीत, मी सोफ्याच्या कडेवर, आणि ती उभी, हातात पिठाची परात.

"सरदारजी, पाखरं का उतरत नाहीत ते मला माहितीये."

"हूं."

"तुमच्यामुळे."

त्याने मान वळवली.

"तुम्ही कामावर असता ना, तेव्हा मी कारखान्यातून आले की त्यांना मीच सोडते. एक फेरी मारतात आणि खाली येतात. माझ्या अंगावर बसतात. हाक मारायचीही गरज नाही."

"तू त्यांना खाऊ घालतेस!"

"घालते. भिजवलेले हरभरे. उरलेली रोटी."

"म्हणूनच! म्हणूनच मऊ पडली ती! माझ्या बापाने कधी—"

"मऊ पडली असती तर एवढ्या लांबून सगळ्यांच्या आधी आली असती का?" ती म्हणाली. "ताकद तुमचीच आहे, मी कुठे नाही म्हणते? पण तुम्ही अंगणात दिसलात की त्यांना वाटतं, अजून उतरायचं नाही. मालक बघतोय. तुम्हीच तसं शिकवलंय. तुम्ही स्वतःच बांबू आहात."

"म्हणजे माझी पाखरं मला ओळखत नाहीत?"

"ओळखतात म्हणून तर उतरत नाहीत!"

मेहंगासिंग उठला. मला वाटलं, आता परात उडणार. पण तो माझ्याकडे वळला आणि जणू हे सगळं मीच केलंय अशा आवाजात म्हणाला, "जगदाळे, तुझ्या वरच्या खोलीतून माझं अंगण दिसतं का?"

दिसत होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी तो माझ्या झोपायच्या खोलीत, माझ्या पडद्यामागे, गुडघ्यांवर बसला होता. खाली बचिंत कौरने ढाबळ उघडली. पाखरं वर गेली, चर्चच्या टोकाला वळसा घालून आली, आणि ती पायरीवर बसून "आ, आ" म्हणाली तशी एकामागून एक तिच्या पायाशी पडली, पिशवीतून बटाटे ओतावेत तशी. एक तिच्या डोक्यावर बसलं. तिने वर आमच्या खिडकीकडे बघितलं नाही. त्याबद्दल मला तिचं आजही कौतुक वाटतं. मी असतो तर बघितलं असतं.

मेहंगासिंग गुडघ्यांवरूनच माझ्याकडे वळला.

"माझ्या बापाने हे पाहिलं असतं ना," तो म्हणाला.

"तर?"

"तर मला घराबाहेर काढून तिला ठेवून घेतलं असतं."

तो खाली गेला. संध्याकाळी मला त्यांच्या स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला. भिंती पातळ, ऐकावं लागलंच. "बरं. शनिवारी मी कुठे बसू?"

"इथेच. पडदा ओढून. आणि रिकामे बसलात तर डोकवाल, म्हणून रोट्या लाटा."

"मी? रोट्या?"

"मी कबुतरं उतरवायची तर रोट्या कोण करणार, होरेस?"

आठवडाभर तिने कडी काढायचा सराव केला. मेहंगासिंगला तीन बोटांनी ते अवघडच जायचं, तिची बोटं मात्र दिवसभर वॉशर मोजून चपळ झालेली. पाखरू डाव्या हातात, पाय दोन बोटांत, अंगठ्याने कडी खाली, घड्याळाच्या भोकात, आणि कळ. प्रीतो तिला सारखी कबुतराऐवजी बाहुली द्यायची, आणि ती बाहुलीच्या पायातून रबर काढायची.

शनिवारी दुपारी मला तिने बोलावलं. माझं काम एकच, मेहंगासिंगला स्वयंपाकघरातून बाहेर पडू द्यायचं नाही. हे काम मला का दिलं देव जाणे. तो माझ्या दीडपट होता.

पडदा ओढलेला. मेहंगासिंग बाह्या वर करून पिठाशी झुंजतोय. पहिली रोटी फाटली, दुसरी चिकटली, तिसरीचं काय झालं ते मी बघितलं नाही. दर थोड्या वेळाने तो थांबून कान द्यायचा.

"आली का?"

"नाही."

"क्लेमकडे?"

"मला कसं दिसणार, मी तुझ्यासोबत आत आहे."

"तू काही कामाचा नाहीस."

बाहेर, मला नंतर कळलं तसं, बचिंत कौर पायरीवर बसली होती. आभाळ राखाडी, वारा समोरून. घड्याळ तिच्या शेजारी, ओढणीने झाकलेलं, जणू त्यालाही थंडी वाजेल. गल्लीत शनिवारचा नेहमीचा गलबला होता, पण आमच्या मागच्या भिंतींवर माणसं चढून बसली होती. मेहंगासिंगच्या घरात काहीतरी चाललंय, एवढंच कोणीतरी पबमध्ये सांगितलं होतं. होरेससुद्धा गल्लीच्या तोंडाशी टोपी मागे सारून उभा होता.

आणि मग ती म्हणाली, हळूच, "आली."

मेहंगासिंगच्या हातातलं लाटणं थांबलं. बाहेर तिचा आवाज, "आ, आ, ये गं," आणि पंखांचा फडफडाट कौलांवर. पाखरू छतावर टेकलं होतं. अजून खाली आलं नव्हतं. मी मेहंगासिंगच्या दंडाला हात लावला, तेवढ्यात तो पडद्याकडे गेलाच. बोटभर फट केली. फक्त बोटभर.

बाहेर फडफड झाली आणि भिंतीवरची माणसं "अरेरे" म्हणाली. पाखरू उडालं.

बचिंत कौरने मागे वळूनही बघितलं नाही म्हणे. "सरदारजी, पडदा!" असा आवाज तिने काढला की कालव्यापलीकडे क्लेमलाही ऐकू गेला असेल. मेहंगासिंग मागे कोसळला आणि फरशीवर, सिंकखाली, गुडघे पोटाशी घेऊन बसला. पीठ लागलेले हात तोंडावर. एवढा मोठा माणूस मी एवढासा झालेला कधी पाहिला नव्हता.

मग तिचा आवाज. ओरडा नाही, हाकही नाही. आपण झोपाळलेल्या मुलीला उठवतो तसा.

"ये गं. ते आत आहेत. पीठ मळतायत. ये, काही नाही. आ, आ."

एक फेरी. मी मोजली नाही, पण मला ती आयुष्यातली सर्वांत लांब फेरी वाटली. मग धप्प. मग लगेच, इतक्या लगेच की मला विश्वास बसेना, घड्याळाची कळ दाबल्याचा ठोका.

भिंतींवर जो गदारोळ उठला तो मी इथे लिहू शकणार नाही. मेहंगासिंग उठायला लागला.

"थांबा!" बाहेरून आवाज आला. "दुसरंही येतंय!"

तो पुन्हा सिंकखाली बसला. हसत होता. दोन वर्षांत मी त्याचे दात पाहिले नव्हते.

संध्याकाळी पबच्या मागच्या खोलीत घड्याळं उघडली. होरेसने हिशोब केला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा केला.

"पहिलं मिकचं," तो म्हणाला. "दुसरं क्लेमचं. तिसरं मिकचं."

मग क्लेम उभा राहिला.

"मी कोणाला चोर म्हणत नाही," तो म्हणाला. "पण अख्खा हंगाम ही पाखरं आभाळात नाचत होती आणि आज बरोबर शेवटच्या दिवशी कोकरासारखी आत शिरली? कळ कोणी दाबली? मिकने?"

"बायकोने," मेहंगासिंग म्हणाला.

"घरातल्या कोणीही दाबली तर चालते," होरेस म्हणाला.

"चालते, माहितीये मला. पण कसं उतरवलं ते मला ऐकायचंय. तिच्याकडून."

आमच्या बायका त्या पबमध्ये कधी गेलेल्या नव्हत्या. पुरुषही समोरच्या खोलीत फार बसत नसत. मी तिला बोलवायला गेलो आणि वाटेत शंभरदा वाटलं की ती नाही म्हणेल आणि तेच बरं होईल. ती म्हणाली, "थांबा, कोट घालते."

नवऱ्याचा कोट, खाली सलवार, डोक्यावर ओढणी. ती आत आली तेव्हा खुर्च्या सरकल्या आणि काही म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, सवयीने. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बरोबर क्लेमवर थांबवली.

"तू क्लेम?"

"हो, मिसेस."

"तुझी निळ्या पट्ट्याची मादी छान आहे. आमच्यावर अर्धा तास फिरली तेव्हा मी बघितली. माफ कर. चूक आमची होती."

क्लेमला हे अपेक्षित नव्हतं. "तेच विचारायचंय. आज काय केलं?"

बचिंत कौरने इंग्रजी शब्द शोधले. सापडले ते तिच्या कारखान्यातल्या बायकांचे होते.

"या मूर्ख माणसाला घरात कोंडलं," ती नवऱ्याकडे हात करून म्हणाली. "बाकी काही नाही."

मग होरेस हसला, त्याच्या पाइपमधून राख उडाली, आणि मग सगळी खोलीच. मेहंगासिंग उठून उभा राहिला आणि त्याने स्वतः सांगितलं, बांबू, फडकं, वडील, सिंकखाली बसणं, सगळं. सांगताना दोन बोटं नसलेला हात हवेत पाखरासारखा फिरवत होता. तो हात तो एरवी खिशात ठेवायचा.

"माझी बायको वीस वर्षं म्हणतेय मला कोंडायला हवं," क्लेम म्हणाला. "मी समजत होतो ती चेष्टा करते." आणि त्याने सगळ्यांच्या आधी हात वर केला. "कायमचा सभासद. माझं मत."

होरेसने हात मोजले, पण त्याची गरज नव्हती. मग तो फळ्याजवळ गेला आणि खडू हातात घेऊन थांबला.

"नाव काय लिहू? एम. सिंग?"

त्या क्लबात नवरा-बायकोच्या नावाने दोन-तीन ढाबळी होत्या, पण त्या बायका कधी खोलीत आलेल्या नव्हत्या. मेहंगासिंग म्हणाला, "दोघांचं लिही." बचिंत कौर म्हणाली, "माझं पूर्ण लिही. बचिंत. मी अक्षरं सांगते." आणि तिने सांगितली, एकेक करून, आणि होरेसने लिहिली, आणि खोलीतले म्हातारे ओठ हलवत वाचत होते.

ढाबळ राहिली. कौन्सिलचा माणूस आला, क्लबाच्या भिंतीवर नाव बघून परत गेला. पुढे काय काय झालं, किती शर्यती, किती चषक, ते सांगत बसलो तर मला थांबता येणार नाही, म्हणून फक्त दुसऱ्या दिवसाचं सांगतो.

रविवारी सकाळी क्लेम हॅडली आमच्या गल्लीत आला. चर्चला जायचे कपडे, हातात वेताची पेटी. मेहंगासिंगने दार उघडलं.

"तुझ्यासाठी नाही," क्लेम म्हणाला. "मिसेससाठी आहे."

बचिंत कौर हात पुसत आली. पेटीत ती निळ्या पट्ट्याची मादी होती. तिने ती बाहेर काढली, पंख पसरला, उजेडाकडे धरून डोळा बघितला, छातीवरून बोट फिरवलं. क्लेम परीक्षेला बसलेल्या मुलासारखा उभा होता.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण हिला उतरायला शिकवावं लागेल."

"अहो बाई, माझी पाखरं उतरतात!"

"तुझी होती तोवर तुझ्या घरी," बचिंत कौर म्हणाली. "आत ये. चहा गार होतोय. आणि पाय पूस, फरशी आत्ताच पुसलीये."

क्लेमने पाय पुसले, दोनदा, आणि आत गेला.